पडला. मग?

रविवारी संध्याकाळी साडेसातला मी ग्लेन तुस्कानोला ढाक मारली. पुण्यात बालेवाडीच्या अलीकडे एक मंगल कार्यालय आहे. तिथल्या हॉलमध्ये जाळीचा पिंजरा उभा केला होता आणि एरवी नवरा-नवरी बसतात तिथं पंच बसले होते. ग्लेन माझ्या कमरेवरून पलीकडे गेला. त्याचे दोन्ही खांदे एकदम टेकले आणि तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. लोक खुर्च्यांवरून उठले. मी पकड सोडली आणि उभा राहिलो.

कुस्ती तिथं संपली. पुढे जे झालं ते कळायला मी त्या पिंजऱ्यापर्यंत कसा पोचलो हे आधी सांगितलं पाहिजे.

मी भरतेश मगदूम. गाव कुरणवाडी, कोल्हापूरपासून एसटीने तासाभरावर. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. गावच्या तालमीत इलाही मुल्लाणी वस्तादांच्या हाताखाली वाढलो. तालमीत मारुतीच्या तसबिरीला सकाळची पहिली उदबत्ती वस्तादच लावायचे आणि मग आम्ही मातीत उतरायचो. माझा डाव एकच, ढाक. समोरच्याची मान आणि हात एकत्र कवळायचे, कंबर खाली घालायची आणि त्याला वरून पलीकडे टाकायचं. मातीत तेवढं पुरतं. पाठ लागली की निकाल. हरलेल्याला हात देऊन उठवायचं, वस्तादांकडे बघून माती कपाळाला लावायची आणि बाहेर यायचं.

मॅटवर हे चालेना. तिथं कुस्ती गुणांवर होती. मी ढाकेची वाट बघत राहायचो आणि समोरचा मला एकेका गुणाने बाहेर ढकलत न्यायचा. निवड चाचण्यांमध्ये मला कुणी पाठीवर पाडलं नाही. मी सगळ्या हरलो.

माझा थोरला भाऊ धनपाल साखर कारखान्याच्या शेती खात्यात होता. एका संध्याकाळी तो तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसला.

"भरत्या, वजनकाट्यावर जागा निघालीय. संचालकांशी बोललोय मी."

"दादा, मला पुण्याला जायचंय. एमएमए करणार."

"म्हंजे काय असतंय?"

"कुस्ती असती, बुक्क्या असत्यात, लाथा असत्यात. सगळं एकदम."

"ते शिमग्यात बी असतंय की. त्येला पुण्याला कशाला जायला पायजे?"

वस्ताद लंगोट वाळत घालत होते. ते हसले. मग कट्ट्यावर येऊन टेकले.

"धनपाल, जाऊ दे त्येला. एक कुस्ती खेळू दे तिकडं. हरला तर गप काट्यावर बसंल."

"आणि जिंकला तर?"

"जिंकला तर तिकडं राहील. तू आडवा यायचं न्हाई."

दादाने विचार केला. मला वाटतं त्याला मी हरेन याची खात्री होती, कारण तो लगेच उठला आणि त्याने मारुतीसमोर तसा शब्द दिला. माझ्याकडूनही घेतला. मग वस्तादांनी मला जवळ बोलावलं.

"तिकडं काय बी शिक. बुक्क्या शिक, लाथा शिक. खाली झोपायचं तेवढं शिकू नको. पैलवानानं पाठ टेकायची नसती."

"न्हाई टेकणार, वस्ताद."

एवढी एकच अट घेऊन मी पुण्यात जिम शोधायला निघालो.

पहिलं जिम कोथरूडमध्ये एका सुपरमार्केटच्या वर होतं. सगळीकडे आरसे आणि कानठळ्या बसवणारी गाणी. तिथल्या कोचने विचारलं, "तुमची स्टाइल काय?" मी म्हटलं, "ढाक." त्याने मान डोलावली आणि मला दोरीच्या उड्या मारायला लावल्या. तिथं शिकवायचे ते एकच, लांब राहा. हात पुढे, पाय मागे, समोरच्याला जवळ येऊ देऊ नका. मी आयुष्यभर जवळ कसं जायचं तेवढंच शिकलो होतो. कोच चांगला माणूस होता. आठवडाभराने तो स्वतःच म्हणाला, "पैलवान, तुम्ही मिठी मारल्यासारखे येता. माझे मेंबर घाबरतात."

दुसरं जिम धनकवडीत, टायरच्या दुकानावर. लोखंडी जिना, वर पत्र्याचं छप्पर, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड मॅट. चालवणारी बाई चाळिशीच्या आतबाहेरची, बुटकी, केस बारीक कापलेले. तिला सगळे आढाव मॅडम म्हणत होते. मी आत गेलो तेव्हा दहा-बारा माणसं जोडीजोडीने मॅटवर पडलेली होती आणि प्रत्येक जोडीतला एक जण पाठीवर होता. मला आधी वाटलं काहीतरी अपघात झाला.

"काय करतायत हे?" मी विचारलं.

"सराव. चप्पल बाहेर काढा."

मॅडमनी मला एका सडपातळ पोराबरोबर उभं केलं. दाढी नीट न आलेला, चष्म्याचे वण नाकावर असलेला. मी त्याला सांभाळून, हळूच ढाक मारली. दोन्ही खांदे टेकले. मी सोडलं, उठलो आणि रीतीप्रमाणे त्याला उठवायला हात पुढे केला. पोराने हात घेतला. नुसता घेतला नाही, ओढला. त्याचे दोन्ही पाय माझ्या खांद्यावरून गेले, माझं कोपर उलटं ताणलं गेलं आणि मी गुडघ्यावर आलो. ओरडलो तेव्हा त्याने सोडलं आणि नम्रपणे "सॉरी" म्हणाला.

मी उठून जिन्याकडे निघालो. मागून मॅडमचा आवाज आला.

"कुठे निघालात पैलवान? अजून चालू आहे."

"काय चालू आहे? पडला की तो."

"पडला. मग?"

पंचवीस वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आमच्यात हात दिल्यावर कुणी असं करत नाही."

"आमच्यात कुणी हात देत नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या सात वाजता या. पहिले तीन महिने पाठीवर काढायचे. तुमची जागा तीच आहे."

मी चप्पल घातली. वस्तादांनी जे शिकू नको म्हणून सांगितलं होतं ते या बाईला पहिल्याच दिवशी शिकवायचं होतं. मी परत गेलो नाही.

तिसरं जिम बाणेरला सापडलं आणि ते माझ्यासाठीच बांधलंय असं वाटलं. नाव बीस्ट युनिट. मालक आणि हेड कोच केदार गुजर. गोरा, दंडावर वाघ गोंदवलेला, बोलायला गोड. त्याने माझी ढाक एकदा बघितली आणि सगळ्यांचा सराव थांबवला.

"गाइज, इकडे बघा. हे खरं मातीतलं. ब्रदर, तू तुझी स्टाइल बदलायची नाहीस. कुणी सांगितलं तरी नाही. स्टाइल हाच तुझा ब्रँड आहे."

"खाली झोपायचं शिकवता का, सर?"

"कशाला? तू काय झोपायला आलायस?"

मला हेच ऐकायचं होतं. बीस्ट युनिटचा नियम असा, की सरावात कुणी खाली पडला की केदार सर शिट्टी वाजवायचे आणि दोघांनी परत उभं राहायचं. मी पाडायचो, शिट्टी व्हायची, मी सोडायचो, पोरं टाळ्या वाजवायची. अगदी आमच्या तालमीसारखं. तीन महिने मी तिथं रोज माणसं पाडली आणि एकदाही हरलो नाही. शिट्टीचं कारण मी कधी विचारलं नाही. ते एकदा केदार सरांनीच बोलता बोलता सांगितलं. मॅट पातळ होती. खाली फरशी लागायची, खाली लोळणाऱ्या मेंबरांची कोपरं सोलली होती आणि दोघांनी तक्रार केली होती. नवी मॅट येईपर्यंत जमिनीवरचं सगळं बंद.

आहाराच्या तक्त्यात चिकन आणि अंडी होती. मी म्हटलं, "सर, मी जैन आहे. कांदासुद्धा चातुर्मासात नाही."

"नो प्रॉब्लेम, ब्रदर. उलट भारी आहे."

दुसऱ्या दिवशी जिमच्या दारावर माझा फोटो लागला. खाली लिहिलं होतं: व्हेज किलर.

लढत केदार सरांनीच ठरवली. ग्लेन तुस्कानो, वसईचा, माझ्याच वजनाचा. आधीच्या दोन लढतींत तो पडलेला होता. "हा पडतो," केदार सर म्हणाले, "आणि तू पाडतोस. अजून काय पाहिजे?" त्या दोन्ही लढती ग्लेनने जिंकल्या होत्या, हे त्यांनी बघितलं होतं की नाही मला आजही माहीत नाही. मी तरी बघितलं नव्हतं. आम्ही एकत्र बसून तो पडला तिथपर्यंतच व्हिडिओ पाहिले.

आता परत रविवार संध्याकाळ, साडेसात.

ढाक बसली. इतकी चांगली ढाक मी आयुष्यात मारली नव्हती. मी पकड सोडली, उभा राहिलो आणि वळलो. पिंजऱ्यात माती नसते, पण हात आपोआप खाली गेला, मॅटला लागला आणि कपाळाला आला. दादाचा मित्र पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसला होता आणि गावाकडे वस्ताद बघतायत हे मला माहीत होतं. मी त्या मोबाइलकडे बघून हात जोडले. केदार सर जाळीपलीकडून काहीतरी ओरडत होते. मला वाटलं आनंदाने ओरडतायत. शिट्टीची सवय इतकी झाली होती की ती वाजली नाही हेही कळलं नाही.

ग्लेन उठून माझ्या पाठीवर बसला. त्याचा हात गळ्याभोवती आला. अशा वेळी दोनदा थोपटायचं, म्हणजे सोडतात. हे मला सांगितलेलं होतं, पण तालमीत कुणी कधी थोपटत नाही. मी त्याला पाठीवर घेऊन उभाच राहिलो, दोन पावलं चाललो. मग दिवे पिवळे झाले.

नंतर व्हिडिओत बघितलं. मी उभ्या उभ्या बेशुद्ध झालो आणि झाड पडावं तसा तोंडावर पडलो. माझी पाठ लागली ती रेफरीने मला उताणं करून पाय वर धरले तेव्हा.

शुद्धीवर आलो तर ग्लेन शेजारी बसला होता. "भाई, तू का वळलास?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता. मी सांगितलं, "जिंकलो म्हणून." तो पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे गेला होता. त्याला कुणीतरी सनईचं संगीत लावलं होतं. केदार सरांचा फोन आला.

"ब्रदर, वाईट वाटून घेऊ नकोस. रीच प्रचंड आहे. फक्त एक, आपला लोगो त्यात दिसतोय. तू काही दिवस जिमला येऊ नको."

"किती दिवस?"

"मी कळवतो."

दुपारपर्यंत दारावरचा फोटो उतरला असं एका पोराने कळवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला पुन्हा पिंजऱ्यात जायचंच नव्हतं. गळ्याभोवती शर्टाची कॉलरसुद्धा नको वाटत होती. रात्री दोनदा दचकून उठलो होतो. वजनकाट्यावर खुर्ची असते, पंखा असतो, ट्रॅक्टर येतात आणि जातात. कुणी मागून येत नाही. मी दादाला फोन लावला.

"दादा, हरलो. परवापासून काट्यावर येतो म्हणून सांग."

पलीकडे बराच गोंगाट होता.

"दादा? ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय," दादा म्हणाला. "पण हितं हलगी वाजायलीय."

"कशाची?"

"तुझी."

मी संध्याकाळच्या गाडीने उतरलो तेव्हा स्टँडवर गुलाल होता. तालमीतली पोरं, दूध डेअरीचा चेअरमन, शाळेतले मास्तर. चौकात फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ग्लेनची पाठ मॅटला टेकलेली आणि मी त्याच्यावर. व्हिडिओतलं तेच एक चित्र. माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला.

"ऐका, मी हरलोय," मी मास्तरांना म्हणालो.

"असंच असावं माणसानं," मास्तर बाकीच्यांना म्हणाले. "एवढं करून पाय जमिनीवर."

"मास्तर, मी बेशुद्ध पडलो होतो."

"पडणारच. एवढी ढाक मारायची म्हंजे काय खायचं काम हाय?"

चेअरमननी मला ट्रॉलीवर चढवलं. फेट्याचा शेव सारखा गळ्यावर येत होता आणि मी तो बाजूला करत होतो. लोकांना वाटलं मी हात हलवतोय. तेही हात हलवत होते.

घरी आल्यावर मी दादाला न्हाणीच्या मागे नेलं.

"दादा, तुला ठाऊक हाय न्हवं मी हरलोय?"

"ठाऊक हाय की. शेवटपर्यंत बघितलाय मी. हलगीवाल्याला सांगावा जायच्या आत वस्तादांकडं पळत गेलो. म्हटलं, वस्ताद, पोरगं बेशुद्ध पडलंय."

"मग?"

"म्हणाले, जिंकल्यावर येती चक्कर कधीकधी."

मी पायरीवर बसलो. दादाही बसला.

"काट्यावरची जागा?" मी विचारलं.

"गेली. फटाके वाजल्यावर संचालकांचा फोन आला. अभिनंदन म्हणाले. आता तुमच्या भावाला काटा कशाला, म्हणाले. पाटलांच्या जावयाला दिली."

"पण मी हरलोय दादा!"

"हळू बोल." त्याने आजूबाजूला बघितलं. "मारुतीपुढं शब्द दिलाय मी. जिंकलास तर आडवा यायचं न्हाई. आता तुला घरात ठेवून घेतलं तर गाव काय म्हणंल? धनपाल आडवा आला. तू वस्तादांना पटवून ये हरलोय म्हणून, मी उद्या बघतो दुसरीकडं कुठं चिकटवता येतंय का."

मी फेटा काढून हातात घेतला आणि तालमीत गेलो. वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून माती चाळत होते. मातीत मुरलेल्या ताक आणि तेलाचा तो वास आला आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं. मी त्यांच्या पायांना हात लावला.

"वस्ताद, तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला?"

"बघितला की. दोनदा."

"मग?"

"त्याची पाठ लागली. तू सोडलंस. बराबर केलंस."

"पण पुढं त्यानं माझा गळा धरला."

"धरला. पाठ लागल्यावर त्यानं काय केलं ते त्याचं वळण. ते काय कुस्तीत येत न्हाई."

"मी पडलो वस्ताद."

"तोंडावर पडलास," वस्ताद म्हणाले. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात ते एरवी जुन्या पैलवानांबद्दल बोलायचे. "बघितलं मी. पाठ दिली न्हाईस."

त्यांनी चाळणी आपटून खडे बाजूला काढले.

"तिकडची लोकं काय म्हणत्यात?"

"हरलो म्हणत्यात."

"मग तिकडं जाऊन जिंक. हितं तू जिंकलेलाच हाईस. हितं परत काय करणार?"

ते खरोखर तसंच समजत होते, की मला परत पाठवायचं म्हणून बोलत होते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. ते माती चाळत राहिले. सकाळी दादाने मला स्टँडवर सोडलं. त्याने पिशवीत खाकरे आणि शेंगदाण्याचे लाडू दिले होते आणि त्याला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पुण्यात उतरलो तेव्हा माझ्यासमोर निवडायला फारसं काही नव्हतं. कोथरूडचा माणूस मला घेणार नव्हता, बाणेरच्याने काढलं होतं. मी धनकवडीचा लोखंडी जिना चढलो. आढाव मॅडम एका जोडीच्या डोक्याशी वाकून काहीतरी सांगत होत्या. त्यांनी मान वर केली.

"चप्पल बाहेर."

काढली.

"झोपा."

"कसं?"

"उताणं. दुसरं काय."

मी मॅटवर पाठ टेकली. वर पत्रे होते, एका पत्र्याला भोक होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप येत होती. झोपायची वेळ सोडून मी छप्पर असं कधी बघितलं नव्हतं. तोच सडपातळ पोरगा येऊन माझ्यावर बसला आणि माझं सगळं अंग उलटायला उसळलं. मॅडमनी माझ्या कपाळावर तळहात ठेवला.

"पळू नका. इथंच राहा. काय होतंय?"

"लाज वाटतेय."

"वाटू दे. अजून?"

"तो गळ्याकडे येईल असं वाटतंय."

"येईलच. येऊ दे, मग सांगते." त्या शेजारी मांडी घालून बसल्या. "मी जुदोची. आमच्यातही नीट फेकलं की संपतं. माझ्या पहिल्या लढतीत मी पोरीला फेकलं आणि वाकून नमस्कार केला."

"मग?"

"मग काय? हा दात खोटा आहे."

त्यांनी ओठ वर करून तो दाखवला. माझ्यावर बसलेला पोरगा हसला, त्याचा तोल गेला आणि मी त्याला उलटवलं. खांदे टेकले. माझे हात सुटायला लागले.

"पडला," मॅडम म्हणाल्या. "मग?"

मी हात सोडले नाहीत.

याला आता अकरा वर्षं झाली. मी अजून तिथंच आहे. सकाळची बॅच मी घेतो आणि अधूनमधून लढतो. ढाक मारतो, पण बऱ्याचदा मीच आधी खाली जातो. पाठीवर पडून पायांनी समोरच्याचा गळा आवळायचा, हे मला ढाकेपेक्षा चांगलं जमतं असं मॅडमचं मत आहे.

कुरणवाडीत हिशोब वेगळा आहे. तिथं सगळ्या लढती मोबाइलवर बघतात आणि पाठ लागली की मोबाइल बंद करतात. त्यामुळे मी जिंकलो की गावात बहुतेक वेळा मी हरलेला असतो. मागच्या वर्षी मुंबईत मी पहिल्याच फेरीत लढत संपवली आणि दादाचा फोन आला.

"जिंकलास म्हणं?"

"जिंकलो."

"हितं नको सांगू. तालमीत चूल पेटली न्हाई आज."

काट्यावर अजून पाटलांचा जावईच बसतो. चौकातला फ्लेक्स कधीच फाटला. पण त्यातला फोटो वस्तादांनी कापून तालमीत लावून घेतलाय, असं दादा सांगतो. तालमीच्या मते माझी खरी कुस्ती तीच.

येत्या रविवारी माझी शेवटची लढत आहे. समोरचा हरियाणाचा पैलवान आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो मला पाडणार हे नक्की, आणि मॅडमनी सगळं त्याच्यावरच बेतलंय. पडायचं, आणि तिथून जिंकायचं. दुसरा मार्ग त्यांना दिसत नाही, मलाही नाही.

मंगळवारी वस्ताद पुण्यात आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं झालं आणि दादाने त्यांना माझ्याकडे आणून ठेवलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. काल सकाळी काळा चष्मा लावून, माझ्या खांद्याला धरून ते लोखंडी जिना चढले. मॅडमनी खाली जाऊन टायरवाल्याची खुर्ची आणली. समोर जोड्या पडलेल्या होत्या. वस्तादांनी चष्मा काढला आणि बराच वेळ बघितलं.

"ह्यातलं कोण जिंकायलंय?" त्यांनी विचारलं.

"खालचा," मॅडम म्हणाल्या.

वस्तादांनी त्या जोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चष्मा परत लावला. रात्री जेवताना मी सांगितलं, की रविवारी गर्दी असते, डोळ्याला त्रास होईल, घरी बसून मोबाइलवर बघा.

ते नको म्हणाले. मोबाइल मधेच बंद होतो, म्हणाले.

आज दुपारी त्यांनी दादाला फोन करून खुर्ची कुठं पाहिजे ते कळवलंय. पहिली रांग, जाळीला लागून. पाठ नीट दिसली पाहिजे.